हेमा मावशीची निळी पाटी

३ नोव्हेंबर, सोमवार

दिपिका ताईने आज मला परस्पर देऊन टाकलं. मी लोळत पडलेलो, आणि दारातून तिचा आवाज, "ने गं मावशी त्याला. कम्प्युटरचं सगळं येतं. नुसता पंख्याकडे बघत असतो."

'सगळं' हे ताईचं. मला काय येतं ते मलाच नीट माहीत नाही. आयटीआय अर्धी सोडली. मनालीला एका हॉस्टेलवर बुकिंगचा कम्प्युटर सांभाळला, गोव्याला शॅकवर गाणी लावायचो, पुण्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक पावसाळा काढला. गावी, मोहन्याला गेलो की बाबा विचारतात पुढे काय, म्हणून मोहन्याला जात नाही. इथे कोपरीला ताईकडे थोडे दिवस, मग डिसेंबरात गोकर्ण.

हेमा मावशी म्हणजे समोरच्या गल्लीतली कोळीण. स्टेशनजवळच्या बाजारात तिची मासळीची जागा आहे, तिच्या सासूपासूनची. आता गुडघे गेलेत. डॉक्टरने खाली बसायचं बंद केलंय. जागेवर तिची पुतणी करिश्मा बसते. पण जुनी गिऱ्हाइकं येतात, विचारतात "हेमा कुठेय?", आणि हेमा नाही म्हटल्यावर शेजारणीकडे वळतात.

मावशीचा मुलगा देवेश डोंबिवलीला फ्लॅटमध्ये राहतो. त्याने ऑफिसातला जुना कम्प्युटर आणून दिलाय. आईने घरी बसून ऑर्डर घ्यायच्या. नवीन वर्षापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर बाजारातली जागा भाड्याने जाणार आणि मावशी डोंबिवलीला, सातव्या मजल्यावर.

"सातव्या मजल्यावर मी काय करू रं?" मावशी म्हणाली. "खिडकीतून कावल्यांना भाव सांगू?"

५ नोव्हेंबर, बुधवार

कम्प्युटर म्हणजे म्हातारं गाढव. चालू केला की चहा पिऊन येईपर्यंत घुर्रर्र. विंडोज काढून लिनक्स टाकायचं ठरवलं. पुण्यात दुकानाचा शेठ झोपला की मी हेच करत बसायचो. त्यात एक भारी सोय आहे. एकाच कम्प्युटरवर कामाप्रमाणे वेगवेगळे पडदे करता येतात. प्रत्येक पडद्याचं चित्र वेगळं, आयकॉन वेगळे. एक बटण दाबलं की एक पडदा जातो, दुसरा येतो.

चांगला माउस घ्यायला कल्याणला गेलेलो. स्टेशनाबाहेर एक माणूस जुनी घड्याळं विकत होता, त्याच्याशी बोलत बसलो, तो नेपाळपर्यंत चालत गेलेला. मग खाडीकडे जाऊन होड्या बघितल्या. परत आलो तेव्हा हातात भजीचा पुडा, माउस नाही.

"उंदीर कुठंय?" मावशी.

"उद्या आणतो."

"भजी बरी आणलीस. उंदरापेक्षा बरी."

९ नोव्हेंबर, रविवार

आज डोकं आउट झालं. चांगल्या अर्थाने.

मी तीन पडदे करून ठेवलेले. पहिला 'माल'. पहाटे करिश्मा धक्क्यावरून मासळी घेते, तिथूनच फोटो पाठवते, ते इथे आपोआप येऊन पडतात. दुसरा 'गिऱ्हाईक'. तिसरा 'कापाकापी', म्हणजे कोणाला कसं कापून द्यायचं ते करिश्माला कळवायला. पहिल्या पडद्याला मी मागे मनालीच्या बर्फाचा फोटो लावलेला. माझाच काढलेला, सॉलिड आहे.

मावशीने बघितलं आणि म्हणाली, "यो काय? मासली बर्फात लपलेली दाखवतोस? काढ तो. निला लाव."

"निळा का?"

"बाजारात माझ्या पाटीत मासलीखाली निला कागद असतो, बगितला नाय कदी? निल्यावर पापलेट चांदीसारखा उठतो. शेजारची जनी हिरवा घालते, तिचा माल दुपारपर्यंत पडून."

निळा लावला. आईशप्पथ, त्याच फोटोतली पापलेटं पाण्यातून आत्ता काढल्यासारखी दिसायला लागली. मी तीन वर्षं स्क्रीन बघतोय, हे माझ्या लक्षात कधी आलं नाही.

मग आयकॉन. मी सगळे रांगेत लावलेले, शाळेच्या प्रार्थनेसारखे. मावशीने काठीनेच स्क्रीनवर दाखवायला सुरुवात केली. मोठी मासळी डाव्या हाताला वर, कारण गिऱ्हाईक तिकडून येतं आणि आधी मोठ्याकडेच बघतं, घेवो न घेवो. कोलंबी मधे, ढिगात. खाडीची चिंबोरी खाली कोपऱ्यात, "विचारल्याशिवाय दाखवायची नाय, मग मानूस वाकून बघतो." उजवीकडे खाली जागा रिकामी, तिथे तिचा हात. मी आयकॉन ओढायचो आणि कम्प्युटर टप्‌ करून परत रांगेत बसवायचा. मावशी चिडली. "त्याला सांग, पाटी कोनाची हाय?"

सेटिंग शोधलं, बंद केलं. आता ठेवू तिथे राहतं.

बाण तिला सापडत नव्हता, म्हणून लाल केला, अंगठ्याएवढा मोठा. माउसला प्लास्टिकची पिशवी बांधली कारण तिचे हात ओले असतात. घरात मासळी नाही तरी ओले. सवयीने दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवते.

१० नोव्हेंबर

करिश्मा संध्याकाळी पाटी रिकामी करून आली. पडदे बघितले. जाताना म्हणाली, "काकी इथून सगळं करणार तर मी तिथे बसून काय माश्या मारू?" मत्सर. मला वाटतं तिला जागा एकटीला हवीय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

'गिऱ्हाईक' पडद्यावर मी सगळ्यांची नावं अ, आ, इ प्रमाणे लावलेली. मावशीला एकही सापडेना. ती नावं वापरतच नाही. "डोकं ठेवनारी." "जाड तुकडी." "नवऱ्याला काटा चालत नाय ती." "घोलीचा पोटा मागनारा मास्तर." (पोटा म्हणजे घोळ माशाच्या पोटातली फुग्यासारखी पिशवी.) मग प्रत्येकाला त्याच्या मासळीचं चित्र दिलं. चित्रावर क्लिक केलं की त्या माणसाचं व्हॉट्सॲप उघडतं. आता तिचा हात असा फिरतो, जसा मी गेममध्ये पण फिरवू शकत नाही.

आणि वार! हे मला सुचलंच नसतं. ती म्हणाली, "रोज सगले कशाला मांडतोस? आज शुक्रवार. जाड तुकडी आज खाते, डोकंवाली खात नाय, तिचा संतोषी मातेचा." कोण सोमवार धरतं, कोण मंगळवार, कोणाच्या सासूचा शनिवार पण ती माहेरी गेली की शनिवार नाही. सगळं तोंडपाठ. म्हणून वारांप्रमाणे सात पडदे केले. त्या दिवशी जे खातात तेवढेच दिसतात. रविवारचा गच्च भरलेला, गुरुवारचा जवळजवळ रिकामा, पाच-सहाच घरं. त्यात सगळ्यात वर रमाबाई कर्णिक. नौपाड्यातल्या निवृत्त शिक्षिका, मावशीचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. मावशी नवी नवरी होऊन पाटीवर बसली तेव्हा पहिला पापलेट त्यांनी घेतला.

"आमी वार बगून बोलतो म्हनून लोक आमच्याकडं येतात," मावशी म्हणाली. "ज्याचा उपास त्याला मासली दाखवायची नाय. नजरेने पन नाय."

हिला कोणी शिकवलं असेल हे सगळं? मी विचारलं. म्हणाली, "शिव्यांनी."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आता मी पुढे गेलोय. पडदा उघडला की त्या दिवसाचे फोटो त्या दिवसाच्या लोकांना आपोआप जातात. मावशीने फक्त उत्तरं द्यायची. देवेश दादा बघायला आलेला, म्हणाला, "भारी केलंस रे कान्हा. पण आई, शेवटी किती दिवस?" मावशी कोणालातरी बोंबलाचा भाव सांगत होती.

ताई म्हणते गोकर्णचं तिकीट काढ, नंतर मिळत नाही. काढतो. आधी कापाकापीच्या पडद्याला रंग द्यायचाय.

मावशी रोज मला एक तळलेली तुकडी देते. "चव सांग. गिऱ्हाइकाने विचारलं तर तोंड उघडता यायला पायजे." मी म्हटलं मी कशाला गिऱ्हाइकाशी बोलू. तिने दुसरी तुकडी वाढली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वाट लागली.

मावशी गुडघ्यांच्या शेकाला गेलेली. जाताना म्हणाली, "आज काय उगडू नको, मी आल्यावर बगू." मी म्हटलं गुरुवारचा पडदा आहे, पाच-सहा घरं, मीच करून टाकतो, आल्यावर तिला बरं वाटेल. आजचा माल पण काय होता! खाडीची चिंबोरी, नांग्या वर करून. पडदा उघडला. गेले फोटो.

मला मार्गशीर्ष माहीतच नव्हता. म्हणजे शब्द माहीत होता. आमच्या घरी आई गेल्यापासून बाबा आणि मी, वार कसला आणि महिना कसला. आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. एरवी गुरुवारी खाणारी घरंसुद्धा आज महालक्ष्मीचा घट मांडतात. मावशीला हे इतकं ठाऊक की सांगायचं तिच्या मनात आलं नसणार. पाणी ओलं असतं हे कोण सांगतं?

फोन वाजला. रमाबाई. मावशीचा फोन घरीच होता, मी उचलला.

"हेमा?"

"मावशी नाही, मी कान्हा, कम्प्युटरवाला."

"अच्छा. तर तुम्ही ते. आमच्याकडे आज सुनेची पूजा आहे. अकरा सवाष्णी आल्या आहेत. फोन टीव्हीला जोडून आरती लावली होती. आरतीच्या मध्यात, लक्ष्मीच्या फोटोशेजारी, छत्तीस इंची खेकडा आला."

मी काहीतरी सॉरी बोललो.

"खेकड्याने नांग्या वर केलेल्या होत्या," रमाबाई म्हणाल्या. "माझी विहीण म्हणाली, वा, हाही आरती करतोय. हेमाला सांगा, तीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं."

ठेवला. थोड्या वेळाने व्हॉट्सॲपवरचा त्यांचा फोटो करडा झाला. ब्लॉक. मग दुसरं घर. मग जाड तुकडी, तिने गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिहिलं: 'कम्प्युटर आला, माणुसकी गेली.' खाली अंगठे पडत गेले. रविवारची माणसं पण निघून जायला लागली.

मावशी आली, बघितलं, खुर्चीत बसली. शिव्या देईल म्हणून मी थांबलो. तिने हात पाण्यात बुडवला, पुसला, आणि कम्प्युटर बंद कर म्हणाली.

२८ नोव्हेंबर

देवेश दादा ऑफिसमधून थेट आला. "बस झालं आई. एका माणसाला जागा हवीय, मी त्याला हो म्हणतो."

"नवीन वर्ष झालं?" मावशी.

"गिऱ्हाईकच नाही उरलं तर नवीन वर्ष कशाला?"

करिश्मा भिंतीला टेकून रडत होती. मला कळलं नाही. जागा एकटीला मिळाली नाही म्हणून? पण ती म्हणाली, "काकी तिथे नसते तर मला कोण विचारत नाय. इथे बसून तरी ती माझ्या मागे होती."

मी ताईला म्हटलं, आज रात्रीच निघतो. ताई म्हणाली, "निघ. तुझी बॅग भरलेलीच असते."

२ डिसेंबर, मंगळवार

निघालो नाही. सकाळी मावशीने बोलावलं. वाटलं कम्प्युटर दादाला परत द्यायला असेल. तर म्हणाली, "नवा पडदा कर. मार्गशीर्षाचा. त्याच्यात एक पन मासली नको."

मी निळा पडदा घेतला आणि सगळी चित्रं काढली. पापलेट, घोळ, चिंबोरी, सगळं. प्रत्येक माणसाच्या जागी नारळ लावला. ब्लॉक केलेली माणसं पण राहू दे म्हणाली. रमाबाई वर डावीकडे, होत्या तिथेच.

"पण मावशी, इथे विकायचं काय?"

"काय नाय. न विकायचं पन काम असतंय."

मग ती एकेकाला फोन करत बसली. गुडघ्याची चौकशी, नातवाची परीक्षा, तुळशीचं लग्न कसं झालं. मासळीचा एक शब्द नाही. चिंबोरीचंही कोणाला सॉरी नाही. मी शेजारी बसून ऐकत होतो आणि मला एवढंच कळलं की असं मला कधी येणार नाही. माणूस पलीकडे चिडलेला असतो, आणि तिसऱ्या वाक्याला हसतो. डोकं ठेवनारी तर तिच्या सुनेची तक्रार करायला लागली, मावशी "हां, हां" करत कापाकापीच्या पडद्यावर तिच्या नावापुढे लिहायला सांगते, 'रविवारी सून नसते, तुकडे लहान.'

४ डिसेंबर, गुरुवार

दुसरा गुरुवार. मावशीने मला सायकलवर पिटाळलं. पिशवीत नारळ आणि पाच झाडांच्या डहाळ्या, घटाला लागतात त्या. ज्या ज्या घरी चिंबोरी गेलेली तिथे तिथे. "दारात चप्पल काढ. हेमाने पाठवलंय बोल. सॉरी बोलू नको, परत खेकडा आठवेल त्यांना."

शिक्षाच आहे ही. प्रत्येक दारात मान खाली. एका घरी मुलाने ओरडून सांगितलं, "आई, खेकडावाले काका आले!" मी बावीस वर्षांचा आहे.

रमाबाईंकडे दार सुनेने उघडलं. आत रमाबाई आरामखुर्चीत, पेपर. नारळ घेतला, हलवून पाणी बघितलं. "कुठले तुम्ही?" मी सांगितलं मोहने. "मासे ओळखता येतात का?" थोडे थोडे. "ताज्या पापलेटाचा गलफडा कसा असतो?" लाल. "नुसता लाल?" मी पिशवीची घडी घालायला लागलो. "ओलसर लाल. हेमाला विचारा." दार बंद.

मावशीला सांगितलं. ती कितीतरी वेळ हसत होती. "तुजी परीक्षा घेतली तिने. बरं झालं." काय बरं झालं ते सांगितलं नाही.

१२ डिसेंबर

कालपण नारळ वाटले. परवा कल्याणच्या घाऊक बाजारात मावशीने करिश्माबरोबर मला सुकट-बोंबील बघायला पाठवलं. वाटेत भटकलो नाही, म्हणजे थोडासाच भटकलो. करिश्मा म्हणाली, "काकी तुला सगळीकडे का पाठवते माहितीय का?" मी म्हटलं तिला गुडघे नाहीत म्हणून. ती "हो, म्हणूनच" म्हणाली आणि रिक्षात बसली.

२० डिसेंबर, शनिवार

महिना संपला. उद्या रविवार. सगळी घरं महिनाभराची उपाशी.

देवेश दादाने सांगून टाकलंय, तो जागेवाला माणूस उद्याच उत्तर मागतोय. दादा स्वतः येऊन बसणार. मावशी म्हणाली, "ये. जेवायला ये."

रविवारचा पडदा परत निळा केला. चित्रं एकेक करून लावली, मावशी जागा दाखवत गेली. आपोआप पाठवायचं बंद करून टाकलं, मीच. ती म्हणाली, "फोटो पाठव, पन मी सांगते तेवढ्यांनाच. बाकीच्यांना हाक मारू. आणि रमाबाईला काय पाठवायचं नाय."

"सगळ्यात महत्त्वाचं गिऱ्हाईक!"

"म्हनूनच."

२१ डिसेंबर, रविवार

घाईत लिहितोय, अक्षर बघ.

पहाटे करिश्माचे फोटो आले. पापलेट, सुरमई, कोलंबी, आणि एक जिताडा, खाडीचा, दांडगा. मावशीने त्याला वर डावीकडे ठेवला. मग सुरू झालं. जाड तुकडीने स्वतःहून 'दोन हलवे ठेव' लिहिलं. डोकं ठेवनारी. मास्तर. मी ज्या ज्या दारात नारळ घेऊन गेलेलो ती सगळी, एकेक. एकीने विचारलं, 'तो खेकडावाला मुलगा घेऊन येईल ना?' मावशीचा लाल बाण फिरत होता, पहिल्या पडद्यावर माल, दुसऱ्यावर माणूस, तिसऱ्यावर कापायचं, परत पहिला. एकदाही अडखळली नाही. तिकडून करिश्मा फोनवर ओरडतेय, "काकी, बाजारात पन लाइन लागलीय, सगले तुझं नाव सांगून मला मागतायत!"

देवेश दादा सोफ्यावर, हातात फोन, बघत.

तेवढ्यात दारात टकटक. रमाबाई. कापडी पिशवी, काठी, जिना चढून आल्याने धाप. मावशी उठायला गेली.

"बस, बस," रमाबाई म्हणाल्या. "बाजारात गेले होते. ती मुलगी म्हणाली काकी घरी बसते. म्हटलं मग घरीच जाते." खुर्ची ओढून मावशीच्या शेजारी, कम्प्युटरसमोर बसल्या. चष्मा लावला. "हं. दाखव काय मांडलंयस ते."

मावशीने पापलेटावर बाण नेला, फोटो मोठा केला.

"गलफडा दाखव."

मावशीने आणखी मोठा केला. पडदाभर ओलसर लाल.

"निळ्यावर ठेवतेस म्हणून चकाकतंय. मला फसवतेस? याच्यावर पाणीबिणी मारलंयस का, हेमा?"

"कम्प्युटरवर पानी कुठून मारू बाई?"

"तुझा भरवसा नाही. भाव सांग."

मावशीने सांगितला. रमाबाईंनी त्याच्या अर्धा सांगितला. मावशीने कपाळावर हात मारला. "त्यापेक्षा माजा गलाच कापा बाई! जिताडा बगा, जिताडा. तुमच्यासाठीच वर ठेवलाय."

"वर तू तो माझ्यासाठी नाही, सगळ्यांच्या डोळ्यांसाठी ठेवतेस. तीस वर्षं बघतेय." आणि बोट सरळ स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात टेकवलं. "आणि हे इथे लपवलेलं काय आहे? चिंबोरी? बघू."

"आता चिंबोरी चालते का?" मावशी.

"आज रविवार आहे," रमाबाई म्हणाल्या. "नांग्या वर असल्या तरी चालेल."

मावशी एवढी हसली की काठी पडली. मग दोघींची पुन्हा जुंपली, आवाज गल्लीपर्यंत. स्क्रीनवर मागून मेसेज येत होते, मावशीने त्यांना हाताने थांब केलं, जसं बाजारात मागच्या बाईला करते. मी एकीकडे ऑर्डरी लिहीत होतो आणि एकीकडे बघत होतो. मला वाटलेलं मी तिला पाटी बनवून दिली.

देवेश दादाचा फोन वाजला. तो जागेवाला असणार. दादा उठला, खिडकीजवळ गेला.

"नाही हो," तो म्हणाला. "जागा रिकामी नाहीये. आई पाटीवर बसलीये."